हॅशटॅगच्या फूटपट्टीने शरीर मोजू नका

पूर्वी रुग्ण विचारायचे, "डॉक्टर, माझं वजन किती असायला हवं?" आता तरुण मुले-मुली मोबाईल पुढे करतात आणि विचारतात, "असं दिसायला काय करावं लागेल?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे असते. उंची मोजायची, वजन करायचे, कमरेला टेप लावायची, रक्तदाब आणि साखर बघायची आणि सांगायचे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात नाही. कारण तो प्रश्न तब्येतीचा नाहीच, दिसण्याचा आहे आणि "असं" म्हणजे कसं, हे हॅशटॅगने आधीच ठरवून टाकलेले असते.

माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. #वेटलॉस, #फिटस्पो, #ट्रान्सफॉर्मेशन, #ग्लोअप, #ग्लासस्किन हे शब्द निरुपद्रवी नाहीत. शरीराबद्दलच्या आपल्या कल्पना ते घडवतात, त्याही चुकीच्या घडवतात आणि त्याची किंमत दवाखान्यात मोजली जाते. "मुलं जरा रील बघतात, त्यात काय एवढं?" असे म्हणणाऱ्या पालकांसाठी आणि रील बघणाऱ्या मुलांसाठीही हा लेख आहे.

हॅशटॅग नेमके काय करतो?

२००७ साली ख्रिस मेसिना या तंत्रज्ञाने ट्विटरवर एक साधी सूचना केली. एका विषयावरचे संदेश एकत्र सापडावेत म्हणून शब्दाच्या आधी # हे चिन्ह लावावे. वाण्याच्या दुकानात डब्यांवर चिठ्ठ्या असतात ना, तूरडाळ, मूगडाळ, तशीच ही चिठ्ठी. कल्पना उत्तमच होती.

अडचण सुरू झाली ती चिठ्ठी माणसाच्या शरीरावर लागल्यावर. समजा, शंभर मुलींपैकी दोघींचे पोट अगदी सपाट आहे. रस्त्यावर, कॉलेजात, लग्नसमारंभात तुम्हाला शंभर जणी दिसतात, त्यामुळे दोघी वेगळ्या आहेत हे आपोआप कळते. हॅशटॅगच्या डब्यात मात्र जगभरातल्या त्या "दोघी" एकत्र येतात. तुम्ही एकीवर थांबलात की ॲप तशाच आणखी पन्नास दाखवते. अर्ध्या तासाने तुमच्या मेंदूची खात्री पटते की सगळ्यांचेच पोट असे आहे, फक्त माझेच नाही. जे दुर्मीळ आहे ते सर्वसामान्य वाटू लागते आणि जे सर्वसामान्य आहे तो आजार वाटू लागतो. सगळी गडबड एवढीच आहे, पण ती लहान नाही.

"हे तर पूर्वीपासूनच आहे!"

कोणी म्हणेल, यात नवीन काय? वर्तमानपत्रातल्या "वधू पाहिजे" जाहिराती आठवा: गोरी, सडपातळ, सुस्वरूप. खरे आहे. ते आपले जुने हॅशटॅगच होते आणि त्यांनी अनेक पिढ्यांच्या मुलींना रडवले. पण ती जाहिरात रविवारी यायची आणि सोमवारी तिच्यात भेळ बांधली जायची. आजची जाहिरात रात्री दोन वाजताही उशाशी असते आणि तुम्ही कशावर किती सेकंद थांबलात याची नोंद ठेवते.

चित्रे समाजाची शरीराबद्दलची कल्पना किती लवकर बदलू शकतात, याचे एक उदाहरण फिजी या बेटांच्या देशात सापडते. तिथे परंपरेने भरलेले, धष्टपुष्ट शरीर चांगले मानले जात असे. कोणी बारीक झाले तर घरचे काळजी करत. १९९५ साली तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही आला. ॲन बेकर या संशोधिकेने टीव्ही आला त्या सुमारास आणि पुन्हा तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, शाळकरी मुलींच्या खाण्याच्या वृत्तीची पाहणी केली. बिघडलेली वृत्ती दाखवणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले होते. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी १९९५ मध्ये नव्हती. १९९८ मध्ये अशा मुली ११.३ टक्के होत्या. पाहणी लहान होती, दोन्ही वेळी साठ-पासष्ट मुलींचीच. पण दिशा स्पष्ट होती. आणि हे झाले निव्वळ टीव्हीने, जो बंद करता येत होता आणि ज्यावर शेजारची मैत्रीण दिसत नव्हती.

बारीक होण्याची "प्रेरणा"

बारीक होण्यासाठी प्रेरणा देतो म्हणवणाऱ्या #थिन्स्पिरेशन आणि #थिन्स्पो या टॅगखाली हाडे दिसणाऱ्या मुलींचे फोटो आणि उपाशी राहण्याच्या युक्त्या फिरत. २०१२ मध्ये इन्स्टाग्रामने असे काही टॅग बंद केले. पुढे काय झाले? मुलींनी स्पेलिंग बदलले. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की बंद केलेल्या एकेका शब्दाची अनेक वेडीवाकडी रूपे तयार झाली आणि त्या रूपांखालचा मजकूर अधिकच विखारी होता. २०२५ मध्ये युरोपातून दबाव आल्यावर टिकटॉकला #स्किनीटॉक हा टॅग बंद करावा लागला. टिकटॉक आपल्याकडे २०२० पासून बंद आहे, पण तिथले व्हिडिओ रील होऊन आपल्याकडे येतातच. म्हणून "सरकारने बंदी घालावी" एवढे बोलून आपली जबाबदारी संपत नाही. शब्द बंद होतो, भूक मारण्याची हौस दुसऱ्या नावाने परत येते.

या टॅगांमागचे शरीरशास्त्र तरी तपासून पाहू.

"थाय गॅप" म्हणजे पाय जुळवून उभे राहिल्यावर मांड्यांमध्ये दिसणारी फट. ती मुख्यतः तुमच्या ओटीपोटाच्या हाडाची रुंदी आणि मांडीचे हाड कोणत्या कोनात बसले आहे यावर ठरते. उपास करून हाडाची रुंदी बदलत नाही. २०१६ मध्ये चीनमध्ये "ए-फोर कंबर" हे खूळ निघाले: कागद उभा धरायचा आणि २१ सेंटिमीटर रुंदीच्या त्या कागदाआड कंबर पूर्ण लपली पाहिजे. हा कागद छपाईसाठी बनवला आहे. त्याचा तुमच्या यकृताशी, हृदयाशी किंवा गर्भाशयाशी काहीही संबंध नाही.

"दिवसाला १२०० कॅलरी" हाही असाच एक लाडका टॅग. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या प्रौढ भारतीय स्त्रीची गरज रोज सुमारे १६६० कॅलरी आहे आणि १६ ते १८ वयाच्या वाढत्या मुलीची सुमारे २५००. म्हणजे अकरावी-बारावीतली मुलगी १२०० वर राहते तेव्हा ती गरजेच्या निम्म्याहून कमी खात असते. शरीर मग काटकसर सुरू करते. आधी पाळी लांबते, मग बंद होते. केस गळतात, थंडी वाजते, नाडी मंदावते, हाडांत कॅल्शियम साठण्याचे वय वाया जाते. वारंवार उलटी काढली तर रक्तातले पोटॅशियम घसरते आणि हृदयाचा ठोका अचानक बिघडू शकतो. ॲनोरेक्सिया नर्व्होसा हा मानसिक आजारांतील सर्वांत जीवघेण्या आजारांपैकी एक आहे. "वय आहे, करतात मुली असं" म्हणून तो सोडून देऊ नका.

आणि हे कोणत्या देशात चालले आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आणि त्यांच्या मुली भाकरी, भात, शेंगदाणे "फॅट" म्हणून ताटातून बाजूला काढतात! धाप लागते, चक्कर येते, अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून तपासायला येतात तेव्हा हिमोग्लोबिन आठ निघते. त्यावर आईचे पहिले वाक्य असते, "पण बारीक छान झाली होती हो."

"आम्ही बारीक नाही, फिट म्हणतो"

थिन्स्पोवर टीका झाली तेव्हा #फिटस्पिरेशन पुढे आले. ऐकायला चांगले: व्यायाम करा, ताकद कमवा. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठात टिगमन आणि झकार्डो यांनी हे तपासले. १३० विद्यार्थिनींपैकी काहींना फिटस्पिरेशनचे फोटो दाखवले, काहींना प्रवासाचे. फिटस्पिरेशन पाहणाऱ्या मुलींचा मूड अधिक खालावला आणि स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी वाढली. व्यायामाची प्रेरणा मिळाल्याचे त्या सांगत होत्या, पण सोबत मिळाली ती स्वतःबद्दलची नावड. स्वतःचा तिटकारा आल्यामुळे सुरू केलेला व्यायाम फार दिवस टिकत नाही, आणि टिकला तर बहुतेक वेळा अतिरेकाला जातो.

मुलांचे पालक इथे निर्धास्त असतात. तसे राहू नका. मुलांचा छळ वेगळ्या टॅगखाली होतो: #श्रेडेड, #जिमलाइफ, #सिक्सपॅक. आपण कितीही कमावले तरी किडकिडीतच आहोत, असे वाटत राहण्याला मसल डिसमॉर्फिया म्हणतात. या मुलांना जिममध्ये कोणीतरी "सायकल" सुचवतो. ही सायकल दोन चाकांची नसते; ती ॲनाबॉलिक स्टेरॉइडची असते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदूतली पियुषिका ग्रंथी वृषणांना आदेश पाठवणे थांबवते. वृषण आकसतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर जातात. जादा टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि मुलाच्या छातीला स्तनांसारखा उभार येतो. चांगले कोलेस्टेरॉल घसरते, रक्तदाब चढतो, हृदयाचा स्नायू जाड होतो. पुढे लग्न होऊन मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू होतात, तेव्हा त्या जुन्या फोटोला मिळालेले लाइक कोणी मोजत नाही.

"आधी आणि नंतर"च्या फोटोंवरही विश्वास ठेवू नका. पाठ ताठ करणे, पोट आत घेणे, प्रकाश बदलणे, फोटोआधी डंबेल उचलून स्नायू फुगवणे, दिवसभर पाणी न पिणे, एवढ्यावर एका दिवसात दोन्ही फोटो काढता येतात. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाचीच चरबी जात नाही, हे तर शरीरशास्त्राचे प्राथमिक सत्य आहे.

गोरेपणाचे नवे बारसे

१९७५ पासून विकली जाणारी "फेअर अँड लव्हली" २०२० मध्ये "ग्लो अँड लव्हली" झाली. "गोरे" म्हणणे आता वाईट दिसते, म्हणून टॅगही #ग्लो, #ब्राइटनिंग, #ग्लासस्किन असे झाले. पाटी बदलली, दुकान तेच. या टॅगखाली नाव-गाव नसलेल्या क्रीम घरपोच मिळतात. काहींत तीव्र स्टेरॉइड असते. आठ दिवसांत चेहरा उजळतो. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, लाली, पुरळ, लव येते आणि क्रीम थांबवली की आगआग होते.

काहींत पारा असतो. केरळमधील एका रुग्णालयातील डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या विशिष्ट आजाराचे १५ रुग्ण नोंदवले; त्यांपैकी १३ जण गोरे करणाऱ्या क्रीम वापरत होते. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाच्या गाळण्या बिघडवतो. लघवीतून प्रथिने जातात, पाय सुजतात. चेहऱ्यावरची चमक आणि लघवीतला फेस यांचा संबंध त्या रीलमध्ये कोणी सांगत नाही.

आपले शरीर टॅगमध्ये बसत नाही

आता माझा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. फोटोवरून आरोग्य कळतच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. आपण भारतीय बऱ्याचदा बाहेरून बारीक आणि आतून चरबीयुक्त असतो. म्हणूनच आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह होतो.

म्हणजे हॅशटॅग दोन्ही बाजूंनी फसवतो. सडपातळ माणसाला वाटते, मी तर "फिट", मला तपासणीची गरज काय? आणि थोडी जाड, पण रोज पाच किलोमीटर चालणारी, साखर-रक्तदाब उत्तम असलेली बाई स्वतःला आजारी समजते.

"पण चांगले हॅशटॅगही आहेत की!"

आहेत, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. #डार्कइजब्युटिफुल या मोहिमेने सावळ्या मुलींना आवाज दिला. कोड असलेल्या, स्तन काढावा लागलेल्या, पोटावर पिशवी लावावी लागलेल्या अनेकांना "मी एकटा नाही" हे तिथेच कळले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १९५ तरुणींपैकी ज्यांना #बॉडीपॉझिटिव्ह फोटो दाखवले, त्यांना स्वतःच्या शरीराबद्दल थोडे बरे वाटले.

तरी माझे दोन आक्षेप राहतात. एक, तिथेही चर्चा शरीर कसे दिसते याचीच चालते. "तू आहेस तशी सुंदर आहेस" हे "तू जाड आहेस" यापेक्षा नक्कीच बरे, पण मुलीला दिवसातून चाळीस वेळा आरशासमोर उभे करण्याचे काम दोन्ही करतात. दुसरा, "प्रत्येक आकार निरोगीच असतो" हे वैद्यकीयदृष्ट्या खरे नाही. जाड माणसाचा अपमान करणे चूक. म्हणून त्याच्या वाढत्या साखरेकडे काणाडोळा करणे बरोबर ठरत नाही. आदर प्रत्येकाला मिळायला हवा आणि उपचार गरज असेल त्याला.

फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे २०२१ मध्ये बाहेर आली. स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटते, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी कंपनीच्याच पाहणीत सांगितले होते. म्हणजे कंपनीला माहीत होते. तुम्ही असमाधानी राहणे हाच तिथे धंदा आहे. समाधानी माणूस मोबाईल ठेवून झोपतो. आणि जे डॉक्टर रुग्णांचे "आधी-नंतर" फोटो #वेटलॉसजर्नी लावून टाकतात, त्या माझ्या व्यवसायबंधूंनाही हेच सांगेन: तुम्ही उपचार करत आहात की डब्यावर चिठ्ठी लावत आहात?

मग करायचे काय?

१. शरीर मोजायचे तर योग्य मापाने मोजा. भारतीय प्रौढांसाठी बॉडी मास इंडेक्स १८.५ ते २२.९, कमरेचा घेर स्त्रियांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आत. सोबत रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन. जिना चढताना दम लागतो का, झोप नीट लागते का, हेही मापच आहे. वाढत्या मुलांना ही प्रौढांची मापे लावू नका. त्यांच्यासाठी वाढीचे वेगळे तक्ते असतात.

२. रीलच्या शेवटी काय विकले जाते ते पाहा. पावडर, चहा, सीरम की "डाएट प्लॅनसाठी मेसेज करा"? विक्री असेल तर ती जाहिरात आहे. आरोग्याचा सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरने आपली पात्रता आणि जाहिरातीचे नाते उघड करावे, असे केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

३. ज्या टॅगनंतर स्वतःचा राग येतो, त्यावर "नॉट इंटरेस्टेड" दाबा. काही दिवस सातत्याने केले की पडद्यावरचे चित्र बदलू लागते.

४. घरातली जीभ आवरा. "किती सुटलीस!", "काळवंडलीस गं", "पोर हाडाडं झालंय" ही वाक्ये हॅशटॅगच आहेत, फक्त आत्या-मावशींच्या तोंडून येतात. जेवणाच्या ताटावर वजनाचा विषय बंद.

५. पुढील गोष्टी दिसल्या तर वाट न पाहता डॉक्टरांना भेटा: तीन महिने पाळी न येणे, वेगाने वजन घटणे, जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाणे, चारचौघांत जेवण टाळणे, चक्कर, मुलाने इंजेक्शने किंवा गोळ्या लपवणे, कोणत्याही क्रीमनंतर पायांना सूज. ओरडू नका, शांतपणे विचारा. मानसिक आधारासाठी टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

तुमचे हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडते, तुमचे यकृत तुम्ही झोपलात तरी काम करते. त्यांचा फोटो कोणी टाकत नाही, त्यांना टॅग नाही. पण पन्नाशीत, साठीत तुम्ही जिना चढाल, नातवंडाला उचलाल, ते त्यांच्याच जोरावर. आज रात्री जेवताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि मुलांना पोटभर जेवू द्या.